लमैमावशीचं ऑर्किड आणि माझी जेली

एका झाडाची शंभर झाडं करून देईन, असं मी शेजारच्या लमैमावशीला छातीठोकपणे सांगितलं होतं. थायलंडमधल्या आमच्या राचाबुरीत ऑर्किडं दारोदारी. पण हे जांभळं मावशीच्या यजमानांनी लग्नात दिलेलं. यजमान गेले, झाड तेवढं राहिलं होतं. तेही तिने माझ्या हाती दिलं. मी टिश्यू कल्चरचं, म्हणजे शेंड्यांपासून बाटलीत रोपं वाढवायचं शिबिर करून आले होते ना!

कोवळे शेंडे घेतले, उरलेल्या कांड्या कुंपणापाशी फेकल्या. चायना ग्रास, नारळपाणी, केळं, साखर आणि चिमूटभर खत शिजवून बाटल्यांत ओतलं, जेलीवर शेंडे बसवले आणि बाटल्या घट्ट बंद करून ठेवल्या. तीन आठवड्यांनी एकदा बाजारात गेले.

परतले तर ओसरीवर पाहुणे वाट्या चाटत बसलेले. त्यांत लमैमावशीही.

"सुपत्रा, जेली छान झालीय गं," सासूबाई म्हणाल्या. "वरून नारळाचं दूध घातलं मी."

"आई, त्यात हिरवं काहीतरी होतं ना?"

"हो, कचरा पडला होता. काढून कोंबड्यांना टाकला."

जेलीत खतही होतं, हे मी सांगून टाकलं. नवऱ्याने सगळ्यांना पिकअपमध्ये कोंबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एकेकाला तपासलं. "एवढ्याशा खताने काही होत नाही. पाणी प्या," ते म्हणाले. सासूबाईंनी डॉक्टरांनाच विचारलं, "मग उरलेली खाल्ली तर चालेल?"

परतताना मी मावशीशेजारी बसले. काय तोंडाने बोलणार?

"मावशी, तुमचं झाड गेलं. कोंबड्यांनी खाल्लं."

मावशी म्हणाली, "शेंडे गेले. तू फेकलेल्या कांड्या मी त्याच दिवशी उचलून नेल्या. ओल्या काथ्यावर आडव्या ठेवल्या. मघाशी तेच सांगायला आले होते, तर तुझ्या सासूने वाटी हातात दिली. कांड्यांना कोंब फुटलेत."

मला रडूच आलं. ती रागावली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. तिने माझा हात थोपटला आणि वर म्हणाली, "जेलीत साखर जरा कमी टाकत जा."

दोन वर्षांनी थंडीत तिच्याकडच्या रोपांना जांभळी फुलं आली. त्यातलं एक रोप तिने स्वतः आमच्या आंब्याला बांधून दिलं. इतकं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही.

पाणी घालायला मात्र तिने मला नाही, सासूबाईंना सांगितलं.