शिळी वीज

वैशाखात माझी बायको सुमन गेली. दुपार होती. माणसं आली, थांबली, तेरवीनंतर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे नाना दारात आले आणि म्हणाले, "सर, धुवाले काही शे का घरमा? आना. आज ऊन जोरात शे."

सांत्वनाची बहुतेक वाक्यं तोवर मला पाठ झाली होती. त्यात हे वाक्य नव्हतं. मी काही बोलायच्या आत नानांनी दोरीवरची चादर, खुर्चीवरचे कपडे आणि माझ्या खांद्यावरचा पंचा गोळा केला आणि ते सगळं घेऊन त्यांच्या वॉशिंग मशीनकडे चालू लागले. त्यांच्या पाठोपाठ मी पंचा मागायला गेलो. त्या दिवसापासून माझं त्यांच्या घरी जाणं सुरू झालं.

नाना मूळचे एरंडोलकडचे शेतकरी. मुलाने, विनोदने, जळगावात मेहरूणला घर बांधलं आणि आईवडिलांना तिथे आणलं. तो स्वतः पुण्यात असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. नाना शेत बटाईने देऊन आले खरे, पण शेतकरीपण देऊन आले नाहीत. शहरात आल्यावर पहिलं वर्ष ते रिकाम्या हातांनी गल्लीत उभे असत. मग विनोदने गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या आणि नानांना पुन्हा शेत मिळालं.

पहाटे उठून ते ओल्या उपरण्याने एकेक प्लेट पुसतात. ढग आले की "रोग पडना" म्हणतात. संध्याकाळी मीटरचा आकडा पाहून खाली येतात आणि बायकोला, अक्कांना, सांगतात, "आजनी वेचणी चांगली व्हयनी." प्लेटांवर कबुतरं बसतात म्हणून त्यांनी गावाहून गोफण मागवली होती. पहिला दगड समोरच्यांच्या टाकीला लागला. दुसरा लागण्याआधी अक्कांनी गोफण काढून घेतली आणि कुठे ठेवली ते अजून सांगितलेलं नाही.

अक्कांचं प्लेटांशी वेगळं भांडण आहे. त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दरवर्षी गच्चीवर वाळतात, आणि गच्चीचं निम्मं ऊन आता प्लेटा खातात. "ऊन त्यास्नं, सावली मन्ही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात.

नानांचं तत्त्व एकच. ऊन आहे तोवर जी वीज वापरली ती ताजी. त्यामुळे त्यांच्या घरी सगळी कामं भर दुपारी चालतात. घरघंटी दुपारी, मिक्सर दुपारी, इस्त्री दुपारी. थंडीत गीझर लावून ते आंघोळही दुपारी करतात आणि ओल्या केसांनी माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, आते करा आंघोळ. पाणी कडक शे, बठ्ठं सूर्याचं." गल्लीतल्या बायका डाळ घेऊन दळायला येतात. नाना कुणाला नाही म्हणत नाहीत, फक्त ढग आला तर दळण अर्धं ठेवायला लावतात.

असा हा माणूस बॅटरीचं नाव काढलं की उठून जाई.

विनोदचा आग्रह होता की घरात बॅटरी बसवावी. कारण सरळ होतं. बाहेरची लाईट गेली की या प्लेटाही आपोआप बंद पडतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा नाना गच्चीवर उभे राहून सूर्याकडे हात करून ओरडत होते, "तो चालू शे, प्लेटा चालू शेतस, मंग पंखा काबर बंद?" विनोदने फोनवर समजावलं, की गच्चीवरची वीज बाहेरच्या तारेत गेली तर तिथे दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला झटका बसेल, म्हणून ती व्यवस्था आहे. नाना लगेच शांत झाले. "मंग बराबर शे. तारवर माणूस शे ना," म्हणाले. पण बॅटरी असली तर लाईट गेल्यावरही घर चालू राहतं, हे विनोदचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

शेवटी विनोदने मला गळ घातली. "सर, नाना तुमचं ऐकतात. आईला उन्हाळ्यात त्रास होतो. बॅटरीला कसंही करून हो म्हणायला लावा."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुणी काही विचारलं की आधी वाचायचं, ही माझी खोड. सुमन गेल्यापासून मी काहीच नीट वाचलं नव्हतं. बॅटरीमुळे पुन्हा वाचायला बसलो, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. आठवडाभराने मी नानांकडे गेलो आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसून विषय काढला.

"सर, तुम्ही शिकेल माणूस," नाना म्हणाले. "सांगा, कालनी भाकर अन् आजनी भाकर. गोड कोणती?"

"आजची."

"मंग? दिवसनी वीज ठेवानी अन् रातले वापरानी? शिळी वीज माले नको."

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "शिळी भाकर तर रोज दूधमा चुरीसन खातस!"

"ती भाकर शे. ही वीज शे."

"अन् कापूस?" अक्का आता दारात येऊन मला सांगू लागल्या. "भाऊ, एरंडोलले आमना घरमा माणसासले बसाले जागा नव्हती. बठ्ठा कापूस. भाव वाढी, भाव वाढी, करत होळी उनी तरी इका नही. मना विनू कापूसवर झोपीसन मोठा व्हयना. तवय साठवाले चाले, अन् आते बॅटरी चालत नही!"

"कापूस काय आवाज करस का? बॅटरी घूं घूं करस."

"तुम्ही घोरतस ते?"

नाना माझ्याकडे वळले. "सर, चहा ल्या."

मीही एवढ्यात हरणार नव्हतो. आवाज फारसा नसतो, म्हणालो. मग ते म्हणाले, ठेवायला जागा नाही. जिन्याखाली आहे, म्हणालो. तिथे मांजर विते, म्हणाले. मांजर त्या घरात मी कधी पाहिलेलं नव्हतं. अक्कांनीही पाहिलेलं नसावं, कारण त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मला कोडं पडलं. प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यापासून जुन्या पंपाच्या वायरपर्यंत काहीही न फेकणारा, आयुष्यभर साठवत आलेला माणूस हीच एक गोष्ट साठवायला का नाही म्हणतो? आणि अक्का भांडत होत्या, पण बॅटरी घ्या असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

उत्तर पुढच्या चैत्रात मिळालं. मी पुन्हा एकदा प्रयत्न करायला दुपारी गेलो होतो. बाहेर जळगावचं ऊन. नानांनी घरघंटी लावलेली, अक्का बिबड्यांचा डबा भरत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि लाईट गेली. घरघंटी थांबली, पंखा फिरत फिरत मंदावला. अक्कांनी हातपंखा घेतला.

नानांनी चहाची बशी खाली ठेवली, खिशातून मोबाईल काढला, उपरण्याने पुसला आणि मांडीवर ठेवला. मग दोघंही त्याच्याकडे पाहत बसले. कुणीतरी येणार असल्यासारखे.

फोन वाजला.

"हां विनू. हो, गई. आतेच गई... नही, बठ्ठी गल्लीनी गई... लाल दिवा? थांब, पाही येस." गच्चीवरच्या सोलरच्या इन्व्हर्टरचा दिवा पाहायला नाना तरातरा जिना चढले. वरून त्यांचा आवाज येत राहिला. "लाल शे... हां, लुकलुक करस... नही रे, तसा नही, थांबी थांबी करस. तुना खोकला कसा शे?... कबुतरं? आते कमी शेतस. तुनी आईनी गोफण लपाडी... जेवना का तू?... काय जेवना?"

मी ऐकत होतो. वर्षभरात नानांना मुलाशी इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, रविवारना फोन मना शे. तो मनासंगे तासभर बोलस. बापसंगे दोनच शब्द. 'तब्येत बरी ना? आईला द्या.' यास्नं बी तसंच. 'बरी शे, देस आईले.' दोन्हीस्ले एकमेकासंगे बोलाले येतच नही. लहानपणपासून."

"आणि हा फोन?"

"लाईट गई का त्याना मोबाईलमा समजस, आपली सिस्टिम बंद पडनी म्हणीसन. मंग तो बापले फोन करस. माले नही, बापले. ते खातं यास्नं शे ना." त्यांनी वर पाहिलं. "बॅटरी बसाडी तर सिस्टिम बंद पडावच नही. मंग तो कसाले फोन करी?"

"पण अक्का, तुम्हाला उकाड्याचा त्रास होतो, असं विनोद म्हणतो."

"मी खान्देशनी शे, भाऊ. उकाडा माले काय करी?" आणि त्या हातपंख्याने वारा घेऊ लागल्या. थोडा मलाही लागेल असा.

पंखा एकदम सुरू झाला. घरघंटीही. वरून आवाज आला, "उनी रे लाईट. हां. ठेवस." नाना खाली आले आणि पंख्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं जेवण तयार व्हायच्या आधीच आलेल्या पाहुण्याकडे पाहतात.

मी त्या दिवशी बॅटरीचा विषय काढला नाही.

घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. सुमन आणि मी शेवटच्या वर्षांत काय बोलत होतो, ते आठवत होतो. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं, तिलाही वाचनाची आवड होती. पण आठवलं ते हे, की टाकी भरली का, गवार कोवळी मिळाली का, दूधवाला उद्या येणार आहे का. ती गेल्यावर मला घरात सगळ्यांत जास्त खुपलं ते हेच. टाकी भरली, हे सांगायला कुणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी विनोदचा फोन आला. "सर, काय ठरलं?"

"हिशेब केला," मी म्हणालो. "दिवसाची जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते आणि रात्री तेवढी परत घेता येते. ती तुमची साठवण आधीच आहे. आपल्याकडे लाईट जाते ती थोडा वेळ. बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते, तोवर तिचा खर्च निघत नाही. यावलकडे माझा मेव्हणा राहतो, त्याच्याकडे लाईट गेली की अर्धा दिवस येत नाही. त्याला मी घे म्हणेन. तुम्हाला नाही."

हे सगळं खरं होतं. मी वाचून, आकडे मांडून काढलेलं होतं.

"पण सर," विनोद म्हणाला, "लाईट गेली की मला मेसेज येतो. काम सोडून फोन करावा लागतो. घरी सगळं ठीक आहे की नाही, कळत नाही ना."

"हो," मी म्हणालो. "करावा लागेल."

मग हसल्यासारखा आवाज आला. "नानांना आता इन्व्हर्टर बराच कळायला लागलाय, सर. परवा दिवा का लुकलुकतो, ते मलाच समजावत होते. मला माहीत होतं. पण ऐकलं मी सगळं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

आता माझे कपडे नानांच्या घरी धुतले जातात. त्यांच्या गच्चीवर प्लेटा आहेत, बॅटरी नाही. लाईट अधूनमधून जाते.