ओमिनेचा उलटा किमोनो

एडो शहरात डोळे मिटून कोरलं तरी न चुकणारा कारागीर एकच, आणि तो मीच, असं गिन्पाची सांगत फिरायचा. चित्रकाराचा पातळ कागद पालथा घालून लाकडावर चिकटवायचा आणि उलट्या रेघा कोरायच्या, म्हणजे छापल्यावर चित्र सुलट येतं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं.

त्यामुळे थोर चित्रकार सेइगांनी चहाच्या दुकानात काम करणाऱ्या त्याच्याच मुलीचं, ओमिनेचं, चित्र काढलं तेव्हा त्याने ठशाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. घरातल्या खांबावर लावायचं लांबट चित्र होतं. ओमिनेचं लग्न टोफूवाल्यांकडे ठरलेलं. सासूच्या खांबावर सून आधीच मिरवणार, बापाला आणखी काय हवं!

बायको ओताकी लग्नाच्या खरेदीसाठी पंधरा दिवस बहिणीकडे होती. सेइगा सहीची वेगळी चिठ्ठी देऊन गरम झऱ्यांवर गेले होते. घाईत गिन्पाचीने सहीची चिठ्ठी पालथी, पण चित्राचा कागद सुलटाच चिकटवला. पहिला छाप हातात आल्यावर मनात पाल चुकचुकली. किमोनोची कोणती बाजू वर असते, डावी की उजवी? त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. जुळत होतं. दोनशे प्रती घरोघर गेल्या.

त्याच आठवड्यात ओबोन लागला. पितर घरी येण्याचे दिवस.

न्हाव्याने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ओमिनेने दिलेला चहा कोणी पिईना. गिऱ्हाइकं कपाला हात जोडून मागे सरकत. गल्लीत ती आली की दारं लागत आणि आतून उदबत्तीचा वास येई. "बाबा, मला बघून लोक जप करतात," ती म्हणाली. तिचे हात गार होते. गिन्पाचीने खांबावरच्या चित्राकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदाच आपल्या मुलीची भीती वाटली.

ओताकी परतली आणि तिने चित्राच्या छातीवर बोट ठेवलं.

"अहो, हिची उजवी बाजू वर आहे. असं फक्त मढ्याला नेसवतात."

तिघं संध्याकाळी टोफूवाल्यांकडे धावली. लग्न मोडलंच असणार, असं गिन्पाचीला वाटत होतं. आत खांबाला चित्रातली ओमिने लटकलेली, पुढे धूप आणि गोड गोळ्यांचं ताट. सासू ओशिगे डोळे मिटून बसलेली. दिवसभर उपाशी असलेल्या ओमिनेला राहवलं नाही. ती हळूच पुढे झाली आणि गोळा तोंडात टाकला.

ओशिगेने डोळे उघडले. चित्रातली बाई नैवेद्य चावत होती.

मग म्हातारीने केरसुणी घेतली आणि दांड्याने ओमिनेच्या किमोनोचा काठ हळूच उचलला. एडोतल्या भुताला पाय नसतात. खाली दोन पाय होते, धुळीने माखलेले.

"पाय आहेत," ओशिगे म्हणाली. "मग धुऊन ये आधी. आणि लग्नाआधी एवढं खाऊ नकोस."

गिन्पाचीला रडूच आलं. नवा ठसा त्याने फुकट कोरून दिला, तोही ओताकीला समोर बसवून.

लग्नाच्या सकाळी तो नटूनथटून दारात उभा राहिला. ओताकी नेहमीसारखी त्याचा किमोनो नीट करायला पुढे आली आणि थबकली. उजवी बाजू वर होती.

"रोज मी नीट करते म्हणून जिवंत दिसता," ती म्हणाली. "मी नव्हते तेव्हा चित्राचा ताळा कशावरून घेतलात?"

गिन्पाचीने पुन्हा स्वतःच्या छातीकडे पाहिलं. पंधरा दिवस तो तसाच बाजारात हिंडला होता, आणि एवढ्या एडोत एकानेही त्याला हात जोडले नव्हते.