पित्याच्या कानावर

मार्थाबाई सकाळची प्रार्थना मनातल्या मनात करतात, असा त्यांचा समज होता. ती ऐकू मात्र आमच्या अख्ख्या गल्लीला यायची.

धुळ्याला आम्ही राहायचो तिथं त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून होती. मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून त्या निवृत्त झालेल्या. नोकरीच्या शेवटी शेवटी कान गेले. समोरच्याच्या ओठांकडे बघत आणि अंदाजानं उत्तर देत. निम्म्या वेळा ते बरोबरही येई. बाकी बाई एकदम ताठ. पांढरं पातळ, पांढरे कॅनव्हासचे बूट, घट्ट अंबाडा. सकाळी नळाला पाणी यायच्या सुमारास त्या खिडकी उघडत, खुर्चीपुढे गुडघे टेकत आणि देवाशी कुजबुजायला लागत. ती कुजबुज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचे.

"हे स्वर्गीय पित्या," अशी सुरुवात. आभार मानून झाले की गल्लीची पाळी. बाई एकेक घर घेत. कोणाच्या पोराला खरूज, कोणाच्या सुनेला अन्न टिकत नाही, कोण बायकोशी अबोला धरून बसलाय. नर्सच्या सवयीनं रोग आणि रोगी दोन्ही स्पष्ट सांगत. माझ्या नावावर बरेच दिवस एकच अर्ज चालू होता. "शेजारच्या वसंताला लवकर उठायची बुद्धी दे, आणि त्याचं पोट साफ होऊ दे." हे मी अंथरुणात पडून ऐकत असे. कचेरीला निघालो की नळावरची माणसं मोठ्या काळजीनं माझ्याकडे बघत.

कोपऱ्यावर मोतीलालशेटचं किराणा दुकान होतं. त्यांचे वाडवडील मारवाडातून आलेले, शेट मात्र अहिराणी अशी बोलत की शेतकऱ्यानं ऐकत राहावं. एका सकाळी बाई म्हणाल्या, "पित्या, मोतीलालशेट मनाने फार चांगला माणूस आहे. तेवढी त्याची तागडी सरळ कर." शेट त्या वेळी बादली धरून नळावरच उभे होते. अर्धी बादली तशीच उचलून ते दुकानात गेले. पण त्या आठवड्यात बाईंच्या डाळीवर एक मूठ जास्त पडली, आणि हळूहळू सगळ्यांच्याच पडायला लागली. बाईंनी ही बातमी माझ्या आईला, म्हणजे अक्काला, मोठ्या दिमाखात सांगितली.

"पित्याच्या कानावर घातलं होतं."

हे त्यांचं पालुपद. कोणी अडचण सांगायला आलं की पहिलं वाक्य तेच. आणि आमची गल्ली त्या पित्याची मुकादमी करायला लागली होती. बाईंनी सकाळी फुटक्या कौलाची तक्रार देवाकडे केली, की दुपारी कोणीतरी शिडी लावून छपरावर. गवती चहा संपल्याचं त्यांनी देवाला सांगितलं, की अक्का जुडी घेऊन दारात. "मी कोणाला बोलले नव्हते हो," असं म्हणत बाई वर बघून हसायच्या.

त्यांना खरं सांगावं का, यावर एकदा नळावर खल झाला. अक्कानं निकाल दिला. बाईला कळलं तर ती तोंड मिटून घेईल. माणसाकडे ती काही मागत नाही. मग तिला काय हवं-नको ते आपल्याला कळायचं कसं? विषय मिटला.

नाताळात बाई घरोघरी करंज्या पाठवत. त्यांच्या दारात मात्र कोणी पाहुणा यायचा नाही. मुलगी शिरपूरला शाळेत शिकवते, तिला सवड होत नाही, एवढंच त्या सांगत. त्या वर्षीचा नाताळ होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत बाईंनी सगळी घरं भराभर उरकली. मग म्हणाल्या, "आता माझं."

हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"करुणानं तिच्या मनासारखं लग्न केलं. मी तिला म्हटलं, या घरात पाय ठेवू नको. तू ते ऐकलंच असशील. ती ते पाळतेय, पित्या. लहानपणी माझं एक ऐकायची नाही, आणि हे तेवढं पाळतेय. तिच्या दारात जायचा मला धीर होत नाही. तिला एकदा येऊ दे."

नळाखालचा हंडा भरून वाहत होता. कोणी काढला नाही.

त्यानंतर रोज शेवटी तेच मागणं. कौल बदलणं सोपं होतं. आता बाई समोरून आल्या की माणसं उगाच चप्पल शोधायला खाली वाकत. काही दिवसांनी मोतीलालशेट सरकीच्या व्यवहारासाठी शिरपूरला गेले, परत आले, आणि नेहमीसारखे दुकानात बसले.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं उतरून एक तरुण बाई आमच्या गल्लीत आली. हातात पिशवी, डोळे थेट मार्थाबाईंच्या दारावर. आत प्रार्थना चालली होती. बाईंची पाठ दाराकडे. उंबरा चढलेलं पाऊल त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. करुणा उभी राहिली, आणि आईनं देवाजवळ तिला मागितलेलं तिनं सगळं ऐकलं.

"आमेन" म्हणून बाई खुर्चीला धरून उठल्या आणि वळल्या. करुणा काहीतरी म्हणाली. आम्हाला ते ऐकू आलं नाही. बाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं, पण या वेळी अंदाजानं उत्तर दिलं नाही.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

करुणानं पुन्हा म्हटलं.

"पुन्हा म्हण."

अक्कानं आम्हा सगळ्यांना नळावरून घरात हाकललं.

शिरपूरला काय सांगितलं, ते शेटनी खूप मागे लागल्यावर अक्काला सांगितलं. "मी म्हनं, तुनी माय रोज सकाळे तुले बलावस. देवले ऐकू येस का नही, माले माहीत नही. पन आमले बठ्ठासले ऐकू येस."

करुणा दोन दिवस राहिली आणि जाताना, प्रार्थना अख्ख्या गल्लीला ऐकू येते, हे तिनं आईला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंची खिडकी बंद. नंतरही बंदच. गल्लीला सकाळ झाल्याचं कळेना. कोणाच्या घरी काय दुखतं-खुपतं ते कोणाला ठाऊक नाही. मी, ज्याला उठायची बुद्धी मिळावी म्हणून एवढे दिवस आकाशात अर्ज जात होते, आपण होऊन पहाटे जागा होऊ लागलो आणि भिंतीला कान लावून बसू लागलो. पलीकडे काहीच नसे.

शेवटी अक्का गेली. बाईंना ओठ दिसतील अशी समोर बसली. बाई मान वर करेनात. इतकी वर्षं तुम्ही सगळं ऐकलंत, मला लाज वाटते, एवढंच पुटपुटल्या. अक्कानं त्यांची हनुवटी वर केली.

"सकाळी उठून आमचं नाव घेणारं दुसरं कोण आहे, बाई?"

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. माझं पोट पहिल्याच मिनिटाला गिरणीपर्यंत पोचलं. त्यामागून सुना, पोरं, शेट, सगळे रांगेनं आले.

करुणा पुढे वर्षा-दोन वर्षांनी एखादी चक्कर टाकी. सासरच्या माणसांची मर्जी, शाळेची रजा, सगळं सांभाळून. बाकीचे दिवस बाई एकट्याच. सगळी घरं घेऊन झाली की त्या आता थांबत आणि एक हात गळ्यावर ठेवत. आवाज फुटत नाही ना, हे बोटांना कळावं म्हणून. मग नुसते ओठ हलत. काय मागत, ते आम्हाला कधी कळलं नाही.

तेवढा वेळ नळावर कोणी हंडा आपटत नसे. आपटला असता, तरी बाईंना ऐकू आलं नसतं.