हरणीस भुसा आणि ढवळीस पोटफुगी, त्याची हकीकत

श्रीम्हसोबा समर्थ. गोठ्यावर त्याची नजर असो, आणि आळशाच्या हातावर जरा जास्तच असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, पौषमास, ते समयी वर्तमान जाहले ते ऐसे जे, राज्य बारा गायींचे, गादीवर राजमाता ठकूबाई, वय सत्तरीपार, आणि खुराकाचा कारभार घरजावई हणमंतराव यांजकडे. या जावयाची चाल काय सांगावी! कामाआधी फेटा बांधावा, कामानंतर आरसा पाहावा, आणि मधल्या कामास फावड्याचे दोन फटकारे. बाईसाहेबांस हे दिसत होते आणि सलत होते, परंतु जावई म्हणजे दहावा ग्रह, त्यास तोंडावर बोलावे तर लेक चुलीपाशी डोळ्यांस पदर लावणार, म्हणोन त्यांनी जीभ दाताखाली धरिली होती.

आणि इकडे गोठ्यात अनर्थ मांडला. दाराजवळची पहिली गाय हरणी, बाईसाहेबांनी बोट चोखवून वाढविलेली, ती वाळत चालली आणि दूध तांब्याभर राहिले. आणि टोकाची बारावी ढवळी, तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगे आणि दर दोन दिवसांनी तीस ओवा-हिंग पाजावे लागे. मग हणमंतरावांनी मसलत केली आणि सासूपुढे येऊन म्हणाले, "मामी, हरणीचं कूळच हलकं. खाती, पर अंगी लावत न्हाई. दलालाला शब्द दिलाय, आज घेऊन जाईल." हरणीची आई आणि आजी याच दावणीच्या, तो शब्द बाईसाहेबांच्या काळजात रुतला. आणि दलाल तर दावे घेऊन अंगणात येऊन बसलाही.

मग बाईसाहेब उठल्या, शेरभर काळे उडीद ओच्यात घेतले, आणि हणमंतराव मक्याचा भरडा ओतीत होते तेथे जाऊन भरड्यावर उधळिले.

"मामी, हे काय?"

"नवस हाय. तुमचं चालू द्या."

मग भरड्यावर सरकीची पेंड, पेंडीवर तुरीची चुणी, आणि सर्वांवर गव्हाचा भुसा, ऐसा डोंगर रचिला, आणि फावडे दोनदा वरवर फिरवून हणमंतराव फेटा सावरीत म्हणाले, "झालं." आणि शेंड्याकडून घमेली भरीत पहिले हरणीपुढे ठेविले, आणि मग ओळीने बाकीच्यांस देत तळचे शेवटले ढवळीपुढे. तेव्हा बाईसाहेबांनी हुकूम केला की, गायींनी तोंड लावण्याआधी ही दोन घमेली अंगणात आणावी आणि उडीद निवडावे. लेक सूप घेऊन बसली. हरणीच्या घमेल्यात उडीद निघाले चार. ढवळीच्या घमेल्यातले निवडता निवडता लेक थकली आणि बोलिली, "आई, हितं तर उडदाचं शेतच हाय की गं!"

दलाल जातीचा जाणता. त्याने हरणीच्या घमेल्यात हात घातला, मूठभर नुसता भुसा वर काढिला, आणि म्हणाला, "पाव्हणं, या भुश्यावर ही गाय तांब्याभर दूध देती? मग हलकी कशी हो?" आणि दावे गुंडाळून खांद्यावर टाकिले.

मग हणमंतरावांस फेट्याखाली घाम फुटला. आणि बाईसाहेबांनी मीठ आणि क्षारांची भुकटी आधी सूपभर भुशात चोळून घेतली, मग नव्याने काढिलेल्या साऱ्या खुराकाचे, निवडलेले उडीदही त्यात टाकून, पातळ थर एकावर एक देवविले, आणि तो ढीग कडेने उभा कापीत या जागेवरून त्या जागेवर तीन वेळा पालटविला. फावडे जावयाचे, नजर सासूची. मग पुन्हा उडीद पाहिले तो बाराही घमेल्यांत उन्नीसबीस.

एकूण सारांश इतकाच की, शेंड्याचा नुसता भुसा हरणीस जाई म्हणोन ती वाळे, तळचा नुसता भरडा ढवळीस जाई म्हणोन ती फुगे; राज्यात गाय बाद नव्हती, कारभार बाद होता. हरणी दावणीस राहिली. आणि बाईसाहेब दाताखालची जीभ सोडोन भर अंगणात जावयास बोलिल्या, "जावईबापू, तुमचा मान मोठा, तो पाटावर बसल्यावर. फावडं धरलं की कंबर वाकवायची. उद्यापासनं पयलं घमेलं कुठलं आन् शेवटलं कुठलं, हे मला वळखू येता कामा नये. आलं, तर तुमचं ताटबी तुमच्याच रीतीनं वाढीन: सकाळी नुसती भाकर, आन् रातच्याला नुसता ठेचा!"