बाईंच्या बुटांवरची लाल माती

"मला फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय," असं तपासनीस उठसूट सांगायचे. सांगताना चष्मा असा नाकावर खाली ओढायचे, की समोरच्याला उगाचच आपण काहीतरी केलंय असं वाटावं. त्यांची सगळी हयात विमा कंपनीत गेली. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली, की हे तिथे हजर. जळालं की जाळलं, चोरली की विकली, ते हुडकून काढायचं. नोकरीतून निवृत्त झाले, पण नाक काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांची तपासणी अजून चालूच होती.

त्यांची एक पद्धत होती. ज्याच्यावर संशय आहे त्याला कधी काही विचारायचं नाही, कारण तो खोटंच बोलणार. आधी वस्तू बघायच्या, मग शेजारीपाजारी गाठायचे, मग जागा बघायची, आणि माणसाला हात घालायचा तो सगळ्यात शेवटी. पद्धत नामी होती यात वाद नाही. फक्त ती बायकोवर वापरायची नसते, एवढं कंपनीने शिकवायचं राहून गेलं होतं.

बायको म्हणजे बालवर्गाच्या बाई. गावोगावच्या बाप्यांना ज्यांनी पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, त्या. त्यांचीही एक पद्धत होती. मूल धडपडत असलं तर त्याला 'तुला जमत नाहीये' असं तोंडाने म्हणायचं नाही. आपण जरा रेंगाळायचं, आपणच दमल्यासारखं करायचं, आणि ते पोचलं की टाळ्या वाजवायच्या. आता हा न विचारणारा नवरा आणि ती न सांगणारी बायको! इतकी वर्षं संसार सुखाचा झाला तो दोघं दिवसभर आपापल्या नोकरीवर असायची म्हणून, असं माझं तरी मत आहे.

उन्हाळा लागला की ही जोडी डोंगरातल्या एका लहानशा गावी येऊन राहायची. घरमालकीण खाली, हे वर. दोन खोल्या, करकरणारा लाकडी जिना आणि खिडकीत उभा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर एक घंटा टांगलेली होती. जो चढून जाईल त्याने ती वाजवायची. गेल्या वर्षी दोघं निघाली आणि अर्ध्या वाटेवरच्या बाकापासून परत फिरली. तपासनीसांनी घरी सगळ्यांना सांगितलं, की हिच्या गुडघ्याने दगा दिला. बाईंचा गुडघा ठणठणीत होता, पण त्यांनी मान डोलावली.

या वर्षी मात्र तपासनीसांनी येताना गाडीतच जाहीर केलं, "घंटा वाजवल्याशिवाय खाली उतरायचं नाही. दोघांनी मिळून वाजवायची."

"वाजवू की," बाई म्हणाल्या.

रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. बाक आला की बाई पदराने वारा घेत म्हणायच्या, "दमले मी. बसू या का?" तपासनीस मोठ्या मनाने बसायचे. त्यांच्या छातीचा भाता तोवर असा चाललेला असायचा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो सकाळच्या पावामुळे.

बाई सकाळी पाव आणायला जायच्या. बेकरी कोपऱ्यावर. जायचं, पाव घ्यायचा, यायचं. पण तपासनीसांचा चहा व्हायचा, वर्तमानपत्र वाचून व्हायचं, त्यातलं शब्दकोडं अडायचं, सुटायचं, तरी बाईंचा पत्ता नसायचा. यायच्या तेव्हा पाव गार आणि बाई गरम! गाल लाल, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की पाव आणण्यात कोणाला इतकं समाधान मिळाल्याचं तपासनीसांच्या पाहण्यात नव्हतं.

"बेकरीत गर्दी होती का गं?"

"होती जरा."

झालं. 'होती जरा' हे उत्तर तपासनीसांनी जळालेल्या दुकानांच्या मालकांकडून पुष्कळदा ऐकलेलं होतं. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पद्धत सुरू केली.

आधी वस्तू. बाई अंघोळीला गेल्यावर त्यांनी दाराशी वाकून बूट तपासले. तळव्यांना लाल माती. गावातले रस्ते सगळे फरसबंद, आणि बाकापर्यंतच्या पायवाटेवर काळे खडे. लाल माती त्यांनी गावात एकाच ठिकाणी पाहिली होती, ती भूगोलाच्या मास्तरांच्या फाटकापाशी, गुलाबांच्या वाफ्यात. हे मास्तर निवृत्त, विधुर, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे आणि पट्टी लावून काढल्यासारखे ताठ. बाईंना पाहिलं की टोपी काढून नमस्कार करायचे. तपासनीसांना पाहिलं की नुसतीच मान हलवायचे. पहिल्याच दिवशी हे टिपून ठेवायला हवं होतं, असं तपासनीसांना आता वाटलं.

दुसरी वस्तू म्हणजे वास. बाईंच्या अंगाला मलमाचा वास येत होता. शिवाय दुपारी अंथरुणाला पाठ टेकली की त्यांना मेल्यासारखी झोप लागायची. तपासनीस बाजूला बसून बघत राहायचे. हे मात्र मिशांच्या संशयात बसत नव्हतं. हे काहीतरी वेगळंच होतं, दुखण्याबिखण्याचं.

उठून सरळ विचारावं ना माणसाने! पण छे. ते औषधाच्या दुकानात गेले.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," ते काउंटरवर झुकून म्हणाले. "चोरून मलम लावतात, दुपारी गाढ झोपतात, आणि घरात काही सांगत नाहीत. हे कशाचं लक्षण असावं?"

औषधवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी मलमाची बाटली त्याच्याकडूनच नेलेली होती. ओळखीच्या बाई कोण, हे कळायला त्याला काही विमा कंपनीत जायला नको होतं. त्याने आवाज खाली आणला. "साहेब, उशीर करू नका हं. घरात सांगत नाहीत म्हणजे मोठंच असतं काहीतरी."

तपासनीस जिन्याची पायरी चुकल्यासारखे दुकानातून बाहेर पडले. इकडे घरमालकीण सर्दीचं औषध न्यायला आली, आणि औषधवाल्याने सर्दीच्या औषधाबरोबर ही बातमीही बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने तपासनीसांना जिन्यातच गाठलं. डोळे पाण्याने डबडबलेले. "साहेब, मला कळलंय हो बाईंचं."

"काय कळलंय?"

"ते मला विचारू नका. मी सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय. तुम्ही मात्र खंबीर राहा."

तपासनीस तसेच वर आले तर फोन वाजत होता. मुलगी होती. "बाबा, आईला काय झालंय? मला खरं सांगा."

"तुला कोणी सांगितलं?"

"घरमालकीण काकूंचा फोन आला होता. रडत होत्या. त्यांना म्हणे पक्कं ठाऊक आहे."

तपासनीसांनी फोन ठेवला आणि बोटं मोजली. औषधवाला एक, घरमालकीण दोन, मुलगी तीन. एकमेकांशी संबंध नसलेले तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते! नोकरीत असते तर त्यांनी फाइल तिथेच बंद केली असती. आपण लावलेली आगच फिरून आपल्या दारी आली आहे, हे जगातल्या इतर कोणाच्याही बाबतीत त्यांनी चुटकीसरशी ओळखलं असतं. पण हा मामला बायकोचा होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बाईंनी विचारलं, "काय होतंय?" ते म्हणाले, "कुठे काय?" आणि त्यांनी बाईंना स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा वाढला. बाईही चमकल्या. हा माणूस आपलं काही कोणाला वाढणारा नव्हे.

सकाळी बाई पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा तपासनीस खिडकीच्या पडद्याआड उभे होते. बाई कोपऱ्यावर गेल्या. बेकरी आली. बेकरी मागे पडली. पुढच्या वळणावर टोपीवाले मास्तर काठी टेकत उभेच होते. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, बाई खळखळून हसल्या, आणि दोघं झपाझप चालू लागली.

आजारी बाई अशा चालतात? तपासनीसांच्या काळजावरचा धोंडा धाडकन खाली पडला, आणि तो उचलून मास्तरांच्या डोक्यात घालावा असं त्यांना फार वाटलं. त्यांनी बूट घातले. उजवा डाव्यात की डावा उजव्यात, बघितलं नाही. मफलरने तोंड झाकलं आणि पाठलाग सुरू केला.

दोघं पुढे, हे मागे. दोघं वळली की हे झाडाआड. दोघं थांबली की हे खाली बसून बुटाची नाडी बांधायचे. धुकं होतं म्हणून निभावलं. वाटेत आणखी चार म्हातारी मंडळी त्या दोघांना मिळाली. टोळी आहे तर, तपासनीस मनात म्हणाले. धुक्यातून बाईंचं हसू ऐकू यायचं. अशा त्या घरी शेवटच्या कधी हसल्या, हे तपासनीसांना आठवेना, आणि संशयापेक्षा ती गोष्टच जास्त बोचू लागली. छाती फुलत होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. कुठे हातांनी झुडपं धरत, कुठे दगडांवर रांगत ते चढत राहिले. मधे एक बाक लागला. ओळखीचा वाटला. तिकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

एकदाची मंडळी थांबली. बाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून मास्तरांच्या हातात दिला. तपासनीसांचा संयम संपला. ते झुडपातून बाहेर आले, मफलर सोडवायला गेले, तो काट्यात अडकलेला होता, तरी तशाच अवस्थेत त्यांनी बोट रोखलं.

"सापडलात!"

सगळे वळले. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या उताराकडे पाहिलं. मग थर्मास खाली ठेवून त्या टाळ्या वाजवू लागल्या. त्यांचं बघून बाकीचेही वाजवू लागले. मास्तरांनी तर चहा खाली ठेवून वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतेस?" तपासनीस ओरडले.

"अहो, चढलात तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

तपासनीसांनी आजूबाजूला पाहिलं. वर आभाळ, खाली काडेपेट्यांएवढी घरं, आणि हाताच्या अंतरावर घंटा. पायाखाली लालभडक माती. बाकाच्या वर ते आजवर कधी आलेलेच नव्हते, मग ती कुठे असते ते त्यांना कसं कळावं? मास्तर आपल्या गुलाबांसाठी पिशवी भरभरून ती इथूनच नेत होते.

"तू रोज येतेस इथे?"

"रोज. मला आवडतं हो चढायला."

"मग रोज बाकावर दमले, दमले कोण म्हणतं?"

"मीच म्हणते," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचा श्वास ऐकला की म्हणते."

बाकीची मंडळी एकदम डोंगरांची नावं सांगण्यात दंग झाली. तपासनीसांनी आवाज चढवून पाहिला. "मग ते मलम? तुझा आजार? माझ्याकडे तीन साक्षीदार आहेत."

"पोटऱ्या दुखतात म्हणून मलम. आणि आजार मला? मला वाटलं तुम्हालाच काहीतरी झालंय. घरमालकीण मला कालपासून मिठ्या मारतेय. तिला कोणी सांगितलं?"

"औषधवाल्याने."

"औषधवाल्याला कोणी सांगितलं?"

तपासनीसांनी तोंड उघडलं. मग चष्मा काढून पुसला. मग तोंड मिटलं. कंपनीत असताना एखाद्या दावेदाराचा चेहरा असा झाला की ते मनातल्या मनात खूश व्हायचे.

"मला वाटलं तू जातेस," ते शेवटी म्हणाले.

"कुठे?"

"कुठेही. मला सोडून." एवढं बोलायला त्यांना सबंध डोंगर चढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

बाई पुढे आल्या. त्यांनी काट्यात अडकलेला मफलर सोडवला आणि नवऱ्याच्या गळ्यात नीट गुंडाळला. मास्तर खाकरले. "साहेब, एक सांगू? आम्ही रोज आग्रह करतो, पण बाईंनी अजून एकदाही घंटा वाजवलेली नाही. म्हणतात, ह्यांच्याबरोबरच वाजवीन."

तपासनीस घंटेपाशी गेले. त्यांनी दोरी धरली, त्यांच्या हातावर बाईंनी हात ठेवला, आणि घंटा अशी दणाणली की खाली घरमालकीण औषधवाल्याकडे धावत गेली म्हणतात.

उतरताना तपासनीस निम्मी वाट बसून आले, ते सोडा. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पाय उचलायला गेले तर पाय म्हणाले, नाव काढू नका. त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "घंटा वाजली. काम फत्ते. आता चढण्याबिढण्याचं कारण उरलं नाही," त्यांनी जाहीर केलं.

"खरंय," बाई म्हणाल्या. त्यांनी केस विंचरले, रोजच्यापेक्षा जरा सावकाश. पिशवी घेतली आणि दारात थांबून म्हणाल्या, "तुम्ही पडून राहा हं. मास्तरांना आज माती पुष्कळ न्यायचीय. येताना वेळ लागेल."

जिना करकरला. बाई खाली जाऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, घाई मुळीच केली नाही. थोड्या वेळाने वरून कण्हण्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग खिडकी उघडली.

"अगं, थांब जरा," तपासनीस एक बूट हातात धरून म्हणाले. "संशय म्हणून नाही. सहज येतोय."