शिरगावकर काकांचा डॅक

रविवारी सकाळी अकरा वाजले की शिरगावकर काका आमची बेल वाजवून विचारायचे, "मिक्सर लावणार आहेस का? मग आत्ताच काय ते वाटून घे. पुढचा अर्धा तास मला विजेची लाइन स्वच्छ पाहिजे." मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, आणि काका बाकी तिन्ही दारं फिरायचे. समोरच्या शाहबेन आतूनच सांगायच्या, "अंकल, चटनी हो गई, अब आप चालू करो." काका स्वतःच्या घरातला फ्रिजसुद्धा बंद करायचे.

हा सगळा खटाटोप हेडफोनसाठी. डॅक म्हणजे काय, हे काकांनी मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. सीडीवर असतात नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करतो तो डॅक, आणि त्या आवाजाला हेडफोनपर्यंत रेटतो तो अ‍ॅम्प. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत घ्यायचे आणि एकमेकांशी जुळवायचे. काकांच्या मते यात पत्रिकाच पाहावी लागते. "डॅक तापट आणि अ‍ॅम्पही तापट, म्हणजे रोजची भांडणं," ते म्हणायचे. "दोघांत एक तरी सोशिक पाहिजे." जोडी जमली नाही की डबा परत खोक्यात जायचा आणि काका लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पळायचे, नाहीतर सिंगापूरच्या भाच्याला फोन लावायचे. त्यांच्या सोफ्यावर खोकी इतकी, की पाहुण्याने उभ्यानेच पाणी प्यायचं.

गंमत म्हणजे हेडफोन काका स्वतः फारसा लावतच नसत. तो असायचा सुमनकाकूंच्या कानांवर. काकू पेणकरपाड्याच्या देवळात भजनी मंडळात टाळ धरायच्या. हल्ली गुडघे दुखतात म्हणून त्यांनी जाणं सोडलं होतं. काका भजनाची सीडी लावून त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचे आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे, "टाळ येतोय?"

"पेटी येते. मृदंगही येतो. टाळ नाही हो येत."

"डॅकचा दोष," काका लगेच म्हणायचे. "वरचे सूर खातोय मेला. बदलू."

माझ्या डोळ्यांदेखत असे चार डॅक बदलले. माणसाला नाद असावा, पण किती, असं मी घरी बोलूनही दाखवायचे.

एका रविवारी मी चटणीची वाटी द्यायला गेले. काकू गॅस बघायला उठून आत गेल्या होत्या, म्हणून काकांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. टाळ असा खणखणीत वाजत होता की मी दचकलेच. "काका, टाळ तर अगदी स्वच्छ येतोय," मी म्हटलं. शहाणपणा दाखवायची मला भारी हौस. "तुमच्या डॅकमध्ये काही दोष नाही." हेडफोन लावून बोलणाऱ्याला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही. मी वळून पाहिलं तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

काकांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला. "तुला काय कळतंय त्यातलं? डॅकच खराब आहे." बोलताना त्यांची नजर माझ्यावर नव्हती, दारातल्या काकूंवर होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंना ऐकू कमी येत होतं. ठेका चुकायला लागला म्हणून त्यांनी गुडघ्यांचं निमित्त केलं होतं. आणि हा माणूस दर वेळी दोष डब्याच्या माथी मारत होता, त्यांच्या कानांचं नाव निघू नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी काकूच आमच्याकडे आल्या. "भाईंदर पश्चिमेला कानाचे डॉक्टर आहेत म्हणे. येशील माझ्यासोबत? ह्यांना इतक्यात नको सांगूस."

मी माफी मागायला लागले तर माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, मला काय कळत नव्हतं? पण ते एवढ्या आशेने डबा आणतात. त्यांना कसं सांगायचं, की मला कानात मशीन लागणार आहे?"

तपासणी होऊन मशीन आलं त्या दिवशी त्यांनी मलाही आपल्या घरी नेलं. काका टेबलाशी वायरी सोडवत बसले होते. काकूंनी ते बोटाच्या पेराएवढं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. "माझ्या बोटांना जमत नाही. तुम्ही बसवून द्या."

काकांनी चष्मा पुसला, मशीन उलटंसुलटं केलं, सोबतचा कागद वाचला. "यात डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही आहेत," ते हळूच म्हणाले. "एवढ्याशा जागेत." बारीकसारीक वायरी सहज डाग देऊन जोडणाऱ्या काकांना ते काकूंच्या कानात बसवायला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"आता येतंय का ऐकू?" त्यांनी विचारलं.

"ओरडताय कशाला? शेजारीच तर बसलायत."

काका गडबडले. सीडीकडे हात नेत म्हणाले, "थांब, टाळ लावतो."

"टाळ राहू द्या. आधी तुम्ही बोला काहीतरी."

डॅकवर तासन्‌तास बोलणारे काका सीडीची डबी उघडबंद करायला लागले. मी आपली दाराकडे सरकले. मागे ते काहीतरी पुटपुटले, इतक्या हळू की मला त्यातला 'चहा' हा शब्द तेवढा कळला.

"घेईन की," काकू म्हणाल्या. "आलं घाला थोडं."