मालक दुपारी झोपतात

"पप्पा, तुमच्या कंपनीला कुणी ओळखतच नाही," संस्कृती पुण्याहून फोनवर म्हणाली.

"ओळखतंय की. परळीत कुणालाबी विचार."

"पोरं परळीत विचारत नाहीत, मोबाइलवर बघतात. तिथं तुमचा एकच रिव्ह्यू आहे, तोही ट्रकवाल्याचा. 'रस्ता खराब.' एक स्टार."

परळीजवळ राधाकिशनचा राखेच्या विटांचा कारखाना होता. वीज केंद्रामुळे राखेला तोटा नव्हता, अंबाजोगाईच्या ठेकेदाराची मोठी ऑर्डरही हातात होती. नव्हती ती माणसं. गावची पोरं चाकणला पळत होती आणि मशीनवर बजरंग, शिवकन्या आणि आणखी दोघंतिघंच उरले होते. महिनाअखेर माल गेला नाही, तर ठेकेदार दुसरीकडे वळणार होता.

संस्कृती एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचंच काम बघायची. आपल्याकडे काम करणं किती सुखाचं आहे, हे लोकांपर्यंत पोचवायचं, याला एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हणतात, असं तिनं वडिलांना समजावलं. "तुमच्याच माणसांना लिहायला सांगा. फक्त खरं लिहू द्या. खोटं लगेच कळतं."

राधाकिशननी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून तसं सांगितलं आणि समाधानानं घरी गेले.

सकाळी येतात तो फाटकापाशी मोटारसायकलींची रांग. नऊ-दहा पोरं उभी. राधाकिशनना भरून आलं.

"कंपनीचं नाव ऐकून आलात काय?"

"रिव्ह्यू वाचून आलो," पुढं उभा असलेला घाटनांदूरचा बिभीषण म्हणाला. "मालक, भजे किती वाजता असतेत?"

राधाकिशननी ऑफिसात जाऊन मोबाइल उघडला. बजरंगनं लिहिलं होतं, 'मालक लई चांगले हायत. जेवल्यावर दोन घंटे झोपतात. ते झोपले की आमीबी झोपतो.' शिवकन्येनं लिहिलं होतं, 'मालकाला डॉक्टरनं भजे बंद केलेत, म्हणून ते इथं खातात. आमालाबी देतात.' तिसऱ्यानं नाव न घालता लिहिलं होतं, 'घरून फोन आला की मालक साईटवर हाय म्हणून सांगतात. बाकी खोटं बोलत न्हाईत. पगार येळेवर.' तिन्हींना पाच-पाच स्टार.

"हे कावून लिहिलं बे?" त्यांनी बजरंगला विचारलं.

"तुमीच म्हणलात, खरं लिहा."

"अरे, पण खरं म्हंजी इतकं?"

त्यांनी संस्कृतीला फोन लावून सगळं पुसून टाकायला सांगितलं. "पुसलं तर पोरांना वाटेल फसवलं," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "आणि पप्पा, आत्यानं त्या रिव्ह्यूंचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय. मम्मीनं बघितलाय."

बायकोनं, वनमालाबाईंनी, तो बघून ग्रुपवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. राधाकिशनना जास्त भीती त्याचीच वाटली. आज झोपायचं नाही आणि भज्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. जेवण झाल्यावर भर उन्हात ते मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

मालक उभे म्हणून बजरंग उभा. बजरंग उभा म्हणून सकाळीच कामाला लागलेली नवी पोरंही उभी. थोड्या वेळानं त्यांच्यात कुजबुज सुरू झाली.

"रिव्ह्यू खोटे दिसतेत," बिभीषण म्हणाला. दोघांनी गाडीला किक मारली.

बजरंग मालकांच्या कानाशी आला. "मालक, पोरं चाललीत. ऑर्डरीचा इचार करा. झोपा."

राधाकिशननी फाटकाकडे पाहिलं. मग मुकाट्यानं शेडमध्ये गेले, कूलरसमोरच्या बाजेवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. गाड्या बंद झाल्या. पोरं सावलीला पसरली. शिवकन्येनं नेहमीसारखी भज्यांची प्लेट मालकांच्या उशाशी आणून ठेवली.

नेमकी त्याच वेळी फाटकात रिक्षा थांबली. राधाकिशननी बांगड्यांचा आवाज ओळखला, पण डोळे उघडायची सोय नव्हती.

"साईट लई जवळ हाय की," वनमालाबाई म्हणाल्या.

शिवकन्येनं घाईघाईनं खुर्ची पुसून कूलरच्या वाऱ्यात ठेवली. "बसा काकू. उन्हाचं आलात."

वनमालाबाई बसल्या. नवऱ्याला काय काय सुनवायचं, ते त्यांनी रिक्षात मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण कूलरचा वारा गार होता आणि भजी गरम. एक खाल्लं, मग दुसरं. नवऱ्याला एकही उरू नये म्हणून बाकीचीही खाल्ली. हळूहळू त्यांची मान कलली. राधाकिशननी एक डोळा उघडला, तर बायको घोरत होती.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. नवऱ्यावर लक्ष ठेवायला, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. मग रोजच येऊ लागल्या. भज्यांची प्लेट आता त्यांच्यापुढं येई आणि राधाकिशनना काकडी मिळे. दुपारी सगळेच ताजेतवाने होऊन उठायचे आणि दिवस मावळेपर्यंत मशीन थांबायचं नाही. अंबाजोगाईचा माल वेळेत गेला. बिभीषणनं गावाकडचे आणखी चौघे आणले.

महिन्याच्या शेवटी राधाकिशनच्या मोबाइलवर नवा रिव्ह्यू आला. पाच स्टार. खाली नाव होतं वनमाला.

'इथं दुपारी कुणी चहा टाक म्हणत न्हाई, आणि माझा चष्मा कुठंय म्हणून उठवत न्हाई. तीस वर्षांत पयल्यांदा पाय पसरून झोपले. मी इथंच येणार हाय.'

त्याखाली मालकांच्या उत्तरासाठी जागा होती. राधाकिशननी कुणालाही न विचारता आपला चष्मा शोधून काढला. मग त्यांनी लिहिलं, 'रुजू व्हा.'